न्यू यॉर्क कॉमिक कॉनमध्ये ३०० डॉलरमध्ये मूळ चित्र मिळू शकेल का?

सागरगोटे (रत्नागिरी):

नमस्कार मंडळी,

येत्या ऑक्टोबरमध्ये मी तीन आठवडे भावाकडे न्यू जर्सीला जात आहे. त्याच काळात मॅनहॅटनमधील जेव्हिट्स सेंटरमध्ये न्यू यॉर्क कॉमिक कॉन हे चित्रकथांचे मोठे संमेलन भरत असून भावाने माझ्यासाठी शुक्रवार आणि रविवार अशी दोन दिवसांची तिकिटे काढून ठेवली आहेत. मला तेथून खेळणी, टी-शर्ट किंवा अभिनेत्यांच्या सह्या आणायच्या नाहीत. मला एक मूळ चित्र हवे आहे. म्हणजे चित्रकाराने स्वतःच्या हाताने, कागदावर, पेन्सिलीने, शाईने किंवा रंगाने काढलेले.

ही ओढ कोठून आली ते थोडक्यात सांगते, म्हणजे मला काय हवे आहे ते नेमके कळेल. आजोबांनी जुने दिवाळी अंक पेटीत जपून ठेवले होते आणि दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर यांची मुखपृष्ठे पाहतच आम्ही भावंडे वाढलो. छापलेले मुखपृष्ठ म्हणजेच चित्र, अशी तेव्हा माझी समजूत होती. काही वर्षांपूर्वी पुण्यातील एका प्रदर्शनात कथाचित्राचे मूळ रेखाटन पहिल्यांदा जवळून पाहिले, आणि शाईखाली राहून गेलेली पेन्सिलीची रेघ, चुकलेल्या जागी लावलेला पांढरा रंग आणि समासात चित्रकाराने स्वतःसाठी लिहिलेली सूचना पाहून मी बराच वेळ तेथेच उभी राहिले. छपाईत हे सारे नाहीसे होते. त्यानंतर छापील प्रतीने माझे समाधान झालेले नाही.

गेल्या वर्षी एका संमेलनात मी बाराशे रुपयांना एक चित्र घेतले. त्यावर चित्रकाराची सही होती आणि खाली पेन्सिलीने '१४/५०' असे लिहिले होते. घरी येऊन भिंगाखाली पाहिले तेव्हा रंगाचे बारीक ठिपके दिसले आणि ती पन्नास छापील प्रतींपैकी चौदावी असल्याचे लक्षात आले. चित्रकाराने मला फसवले नाही. मीच विचारले नव्हते. ती चूक पुन्हा करायची नाही.

माझ्याजवळ या कामासाठी ३०० डॉलर आहेत. एवढ्या रकमेत मूळ चित्र मिळेल का? ते मूळ आहे हे कसे ओळखावे? किमतीबाबत घासाघीस करणे रीतीला धरून होईल का? आणि घेतलेले चित्र न दुमडता, न भिजता रत्नागिरीपर्यंत कसे आणावे, जेथे पावसाळ्यात पुस्तकांच्या पानांनाही बुरशी येते?

हडसनकाठचा (न्यू जर्सी):

नमस्कार. मी गेली बारा-तेरा वर्षे या संमेलनाला जात आहे आणि माझ्या संग्रहातील बहुतेक पाने शंभर डॉलरच्या आतबाहेर मिळालेली आहेत, त्यामुळे तुमची रक्कम पुरेल असे मी खात्रीने सांगतो. मात्र एक गोष्ट आधीच मनातून काढून टाका. प्रसिद्ध नायकाचे मुखपृष्ठ, किंवा पूर्ण पानभर पसरलेले त्याचे एकच चित्र, या रकमेत मिळणार नाही. या बाजारात किंमत ठरते ती पानावर कोण आहे यावरून. एकाच चित्रकाराने एकाच अंकासाठी काढलेल्या दोन पानांपैकी ज्यावर वेशभूषेतला नायक झेप घेत आहे ते पान दुसऱ्याच्या कित्येक पट महाग असते, आणि ज्यावर दोन माणसे पावसात रस्त्याकडेला बोलत उभी आहेत ते पान तुमच्या आवाक्यात असते. चित्रकलेच्या दृष्टीने मला अनेकदा ते दुसरे पानच सरस वाटते. रिकामा रस्ता, भिंतीवरची सावली, टेबलावरचे हात, हे सगळे तेथे असते.

चित्रकार स्वतःच्या टेबलावर स्वतःची पाने का विकू शकतो, यालाही इतिहास आहे. अमेरिकेतील मोठे प्रकाशक पूर्वी मूळ पाने स्वतःकडेच ठेवत. ती चित्रकारांना नियमितपणे परत मिळू लागली ती साधारण १९७०च्या दशकाच्या मध्यापासून. जॅक कर्बी या नामवंत चित्रकारांना मार्व्हल या प्रकाशकाकडून आपली जुनी पाने मिळवण्यासाठी दीर्घकाळ झगडावे लागले आणि १९८७मध्ये जी सुमारे दोन हजार पाने परत आली ती त्यांनी काढलेल्या पानांचा लहानसा हिस्सा होती. आज तुम्ही टेबलावर पैसे देता तेव्हा ते सरळ चित्रकाराच्या हातात जातात. ही रीत अशी भांडून मिळालेली आहे, हे मला प्रत्येक खरेदीच्या वेळी आठवते.

आता प्रत्यक्ष कामाचे. प्रवेशद्वारापाशीच्या भव्य दालनांत वेळ घालवू नका. सरळ 'आर्टिस्ट अ‍ॅली' या चित्रकारांच्या विभागात जा. तेथे प्रत्येक टेबलावर छापील चित्रे उभी मांडलेली असतात आणि लक्ष प्रथम तिकडेच जाते. मूळ पाने बहुधा टेबलावर आडव्या ठेवलेल्या काळ्या फोल्डरमध्ये असतात, कधी खुर्चीखालच्या पेटीत. मूळ पाने पाहायला मिळतील का, असे स्पष्ट विचारा. हा प्रश्न ऐकून चेहरा खुललेला नाही असा चित्रकार मला क्वचितच भेटला आहे. फोल्डर चाळताना हात कोरडे व स्वच्छ असावेत आणि पान कडेने धरावे.

मूळ ओळखण्यासाठी पान किंचित तिरके करून उजेडात पाहा. हाताने भरलेल्या काळ्या भागात कुंचल्याचे फटकारे दिसतात, काळेपणा सर्वत्र सारखा नसतो, आणि पांढऱ्या रंगाने केलेली दुरुस्ती बोट न लावताही उंचवट्यासारखी जाणवते. कागद जाड ब्रिस्टल बोर्ड असतो, मापाने साधारण ११ × १७ इंच, आणि मोठ्या प्रकाशकांच्या बोर्डवर समासाच्या रेषा फिक्या निळ्या रंगात आधीच छापलेल्या असतात. संवादफुगे नसले तर घाबरू नका. अक्षरलेखन संगणकावर होऊ लागल्यापासून ते मूळ पानावर येतच नाही.

एक बारकावा मात्र विचारून घ्या. पुष्कळदा पेन्सिलीचे चित्र एक कलाकार काढतो, ते संगणकाने दुसऱ्या कागदावर फिक्या निळ्या रेषांत छापले जाते आणि दुसरा कलाकार त्यावर शाईकाम करतो. अशा वेळी एका पानाची दोन मूळ चित्रे होतात: एकीकडे पेन्सिल, दुसरीकडे शाई. दोन्ही खरी आहेत, परंतु कोणते आपण घेत आहोत ते ठाऊक असावे आणि किंमतही त्या हिशेबाने असावी. पूर्णपणे संगणकावर काम करणाऱ्याकडे मूळ कागद नसतोच. त्याच्याकडून सही केलेली प्रत घ्यावी किंवा नमस्कार करून पुढे जावे.

मला विचाराल तर तुमच्यासाठी सर्वांत योग्य वस्तू म्हणजे कच्ची रेखाटने. पान अंतिम करण्यापूर्वी चित्रकार चौकटींची मांडणी लहान कागदावर ठरवतो, मुखपृष्ठासाठी तीन-चार पर्याय काढून संपादकाला दाखवतो. ही रेखाटने बहुतेक ग्राहक पाहत नाहीत, म्हणून ती स्वस्त असतात. मी वीस ते पन्नास डॉलरमध्ये अशी कितीतरी घेतली आहेत. तुम्ही पुण्यातील प्रदर्शनात जे पाहून थांबलात, म्हणजे चित्रकाराचा विचार चालू असतानाची रेघ, ती येथेच सर्वांत उघडी दिसते. ज्यांची नावे अजून फारशी झालेली नाहीत अशांची शाईतील पूर्ण पाने मला पंचाहत्तर ते दीडशेच्या दरम्यान मिळालेली आहेत.

शुक्रवारी पाहणी करा आणि जे मनात बसले ते त्याच दिवशी घ्या, कारण पान एकच असते आणि रविवारपर्यंत ते राहील याची कोणी हमी देत नाही. रविवारी दुपारी उरलेल्या पानांवर चित्रकार स्वतःहून किंमत कमी करतात, हे खरे आहे. पण त्या आशेवर आवडलेले पान सोडण्याचा पश्चात्ताप मला दोनदा झाला आहे. घासाघीस टाळा. दोन पाने एकत्र घेत असाल तर दोन्हींचे मिळून काय द्यावे, एवढे विचारणे सभ्य आहे.

पैसे रोख ठेवा, वीस-वीस डॉलरच्या नोटांत. अनेक टेबलांवर कार्ड चालते, पण मोबाइलवरून पैसे देण्याची येथील सोय अमेरिकेतील बँक खात्याशी जोडलेली असल्यामुळे ती तुम्हाला वापरता येणार नाही. भावाला सोबत ठेवलेत तर अडचण उरणार नाही. शहरातील विक्रीकर ८.८७५ टक्के आहे. काहीजण तो किमतीत धरतात, काही वर लावतात, म्हणून ३०० डॉलरचा हिशेब करताना थोडी जागा ठेवा.

पुढच्या वेळी तारखा तुमच्या हातात असतील तर बाल्टिमोर कॉमिक कॉन किंवा शार्लट येथील १९८२पासून जूनमध्ये भरणारे हीरोज कन्व्हेन्शन यांचा विचार करा. तेथे चित्रपटांचा गाजावाजा कमी आणि चित्रकार अधिक असतात, त्यामुळे टेबलापाशी दहा मिनिटे निवांत बोलता येते.

मुसाफिर (तोक्यो):

वरील उत्तर सविस्तर आहे. मी जपानमधील अनुभव जोडतो, कारण न्यू यॉर्कच्या विक्रेत्यांकडेही जपानी माल मोठ्या प्रमाणावर असतो आणि तेथे आपली फसगत होण्याची जागा वेगळी आहे.

जपानीत मूळ चित्राला 'गेंगा' म्हणतात. त्याच्याआधी 'फुकुसेई' हा शब्द आला की अर्थ होतो मूळ चित्राची प्रतिकृती. ही प्रतिकृती उत्तम कागदावर, उत्तम छपाईची, कधी सहीसह असते आणि तिची किंमत पाहून ती मूळ असावी असेच वाटते. मी स्वतः पहिल्या वर्षी हा एक शब्द न कळल्यामुळे आठ हजार येन खर्च केले. विक्रेत्याच्या पाटीवर तो स्पष्ट लिहिलेला होता.

येथील संमेलनांत मूळ चित्रांसाठी मी वर्षातून दोनदा भरणाऱ्या डिझाइन फेस्टाला सर्वांत आधी जातो. १९९४पासून भरणाऱ्या आणि आता तोक्यो बिग साइट या इमारतीत होणाऱ्या या मेळ्यात निवड समिती नाही. जागेचे भाडे भरेल त्याला मांडणी करता येते, आणि त्यामुळे जलरंगातील पोस्टकार्डाएवढी मूळ चित्रे दोन-तीन हजार येनमध्ये सहज दिसतात. त्याच इमारतीत वर्षातून चार वेळा भरणाऱ्या कोमितिया मेळ्यात फक्त स्वतःच्या कल्पनेतील निर्मिती विकता येते, प्रसिद्ध पात्रांवर आधारलेली नव्हे. तेथे पुस्तिका अधिक आणि मूळ चित्रे कमी, कारण बहुसंख्य तरुण चित्रकार आता संगणकावरच काम करतात. तरीही काही टेबलांवर 'शिकिशी' मिळते. ही कडेला सोनेरी पट्टी असलेली, २४ × २७ सेंटिमीटरच्या आसपासची जाड पाटी असते, तिच्यावर चित्रकार थेट कुंचल्याने किंवा पेनाने काढतो, आणि ती मुळातच भेट म्हणून जपण्यासाठी बनवलेली असल्यामुळे प्रवासात मोडत नाही. माझ्या मते परवडणाऱ्या मूळ चित्रासाठी यासारखी सोयीची वस्तू नाही. शंभर व पाचशे येनची नाणी आणि हजाराच्या नोटा जवळ ठेवाव्यात, आणि किमतीबाबत एक शब्दही काढू नये.

आपल्याला न्यू यॉर्कमध्ये दिसेल ती दुसरी वस्तू म्हणजे अ‍ॅनिमेशनचे 'सेल', अर्थात पारदर्शक प्लास्टिकच्या पत्र्यावर मागच्या बाजूने रंगवलेली पात्रे. साधारण २००० सालाच्या आसपास जपानमधील रंगकाम संगणकावर गेले, त्यामुळे सेल मर्यादितच आहेत आणि लोकप्रिय पात्रांचे भाव चढलेले आहेत. रत्नागिरीच्या हवेसाठी मात्र मी सेल घेऊ नये असेच म्हणेन. हा पत्रा दमट उष्ण हवेत हळूहळू विघटित होतो, त्याला व्हिनेगरसारखा वास येऊ लागतो, आणि रंग मागच्या कागदाला चिकटतो. एकदा हे सुरू झाले की थांबवता येत नाही. त्यापेक्षा त्या सेलसाठी कागदावर पेन्सिलीने काढलेले रेखाटन घ्यावे, ज्याला 'दोगा' म्हणतात. ते बरेच स्वस्त असते, आणि हालचालीचा सारा जीव त्या रेघेतच असतो.

शाईची दौत (मुंबई):

मी व्यवसायाने चित्रकार आहे आणि टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसते, म्हणून त्या बाजूचे सांगते.

मुंबई किंवा दिल्लीच्या संमेलनांत आमच्यापैकी बहुतेकजण मूळ चित्रे सोबत आणत नाहीत. जागेचे भाडे, प्रवास आणि छपाई यांचा खर्च शे-दोनशे रुपयांच्या स्टिकरांतून आणि प्रिंटमधून भरून निघतो. मूळ पान मागणारा माणूस दिवसभरात एखादा येतो, आणि गर्दीत पाण्याची बाटली सांडण्याची भीती सतत असते. याचा अर्थ ती विकायची नाहीत असा नव्हे. संमेलनाच्या दोन आठवडे आधी चित्रकाराला एखादा संदेश पाठवून, अमुक पुस्तकातील अमुक प्रकारचे पान पाहायला आवडेल आणि माझी मर्यादा एवढी आहे, असे मोकळेपणाने लिहिले तर आम्ही नेमकी तीच पाच-सहा पाने काढून आणतो. मर्यादा आधी सांगितल्याने कोणाचा अपमान होत नाही. उलट नकार देण्याचा अवघड प्रसंग दोघांवरही येत नाही. न्यू यॉर्कला येणाऱ्या चित्रकारांची यादी संमेलनाच्या संकेतस्थळावर आधी प्रसिद्ध होते, तेव्हा हे काम तुम्ही रत्नागिरीत बसूनच करू शकता.

समोर बसून काढून घेतलेल्या चित्राबद्दल, ज्याला सारे कमिशन म्हणतात, माझे मत थोडे वेगळे आहे. गोंगाटात, मान अवघडलेली असताना, वीस मिनिटांत काढलेला चेहरा हे कोणत्याही चित्रकाराचे उत्तम काम नसते. तो सोहळा सुंदर असतो आणि त्याची आठवण राहते, पण एकाच चित्रासाठी पैसे असतील तर मी आधी शांतपणे काढलेले पानच घेईन. तरीही कमिशन घ्यायचे असेल तर सकाळी पहिल्या तासात यादीत नाव नोंदवा, संदर्भासाठी चित्र सोबत ठेवा, आणि आमच्या आवडीच्या विषयाला वाव द्या. सगळे ज्या पात्राची मागणी करतात ते त्या दिवशीचे तिसावे असते. 'तुम्हाला आज काय काढावेसे वाटते' असे विचारणाऱ्या एका शाळकरी मुलीला मी ठरलेल्या वेळेच्या दुप्पट वेळ देऊन पावसातली बेस्ट बस काढून दिली होती.

चित्रावर तुमचे नाव लिहून द्यायला सांगा. विकत घेतलेले चित्र दुसऱ्याच दिवशी चढ्या भावाने इंटरनेटवर आलेले पाहणे क्लेशकारक असते, आणि नाव लिहिण्याची विनंती करणारा ग्राहक तसे करणार नाही हे आम्हाला कळते. मी स्वतः अशा वेळी किंमत कमी केलेली आहे. आणखी एक गोष्ट सांगायला हवी: कागद तुमचा होतो, पुनर्मुद्रणाचा हक्क होत नाही. त्या चित्राचे टी-शर्ट किंवा शुभेच्छापत्र छापता येत नाही. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात तर मूळ चित्राची पुनर्विक्री दहा हजार रुपयांच्या वर झाली तर चित्रकाराला त्यात वाटा मिळण्याचीही तरतूद आहे, पण ती फार थोड्यांना माहीत आहे.

रंगीत चित्र घेत असाल तर कशाने रंगवले आहे ते विचारा. कोपिकसारख्या अल्कोहोल मार्करचे रंग ताजे असताना अतिशय मोहक दिसतात, परंतु उजेडात राहिले की उडतात. पेन्सिल आणि पिगमेंटची काळी शाई टिकते.

सागरगोटे:

आपण सर्वांनी एवढ्या आपुलकीने लिहिलेत, मनापासून आभार. मी सहा चित्रकारांना संदेश पाठवले आणि तिघांची उत्तरे आली. त्यांतील एकीने तर पाने निवडण्यासाठी छायाचित्रेही पाठवली. दोन शंका उरल्या आहेत. विमानात ११ × १७ इंचांचे पान कसे न्यावे? आणि मुंबईला उतरल्यावर सीमाशुल्काच्या खिडकीवर काही सांगावे लागते का?

हडसनकाठचा:

११ × १७ इंच म्हणजे साधारण २८ × ४३ सेंटिमीटर. विमानात जवळ ठेवण्याची बॅग बहुतेक ठिकाणी ५५ × ३५ सेंटिमीटरची चालते, त्यामुळे पान तिच्या तळाशी सपाट मावते. आधी पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात, मग आम्लविरहित पुठ्ठ्यावर, आणि बाहेरून दोन्ही बाजूंनी फोमबोर्ड, असे सँडविच करून फक्त बोर्डच्या कडांना चिकटपट्टी लावावी. चिकटपट्टीचा स्पर्श चित्राला होता कामा नये. ब्रिस्टल बोर्ड गुंडाळून नळीत घालू नका. शाईच्या जाड थरांना आणि पांढऱ्या दुरुस्तीला भेगा जातात. चेक-इन सामानात तर कधीच देऊ नका. माझे एक पान तसे भिजून आले होते आणि त्यावरची पाण्याची रेघ आजही दिसते.

सीमाशुल्काबाबत इतकेच, की चित्र ही खरेदी आहे आणि ती तुमच्या एकूण खरेदीच्या मूल्यात धरली जाते. चित्रकाराकडून नाव, तारीख, चित्राचे वर्णन आणि रक्कम लिहिलेली साधी पावती घ्या आणि ती चित्राच्या पाकिटात न ठेवता पासपोर्टसोबत ठेवा. हीच पावती पुढे चित्राच्या खरेपणाचा पुरावाही असते.

ग्लासगोकर:

थोडे उशिरा लिहीत आहे, परंतु येथे अजून विज्ञानकथा संमेलनांचा उल्लेख आलेला नाही आणि माझ्या घरातील चारही मूळ चित्रे तेथूनच आली आहेत.

विज्ञानकथेची जागतिक संमेलने १९३९पासून भरत आहेत आणि तेथे टेबलांऐवजी चित्रांचे वेगळे दालन असते. २०२४मध्ये हे संमेलन आमच्याच शहरात ऑगस्टमध्ये भरले होते. दालनात जाळीच्या फळ्यांवर चित्रे टांगलेली असतात आणि प्रत्येकाखाली बोलीचा कागद असतो. त्यावर चित्राचे नाव, माध्यम आणि किमान बोली लिहिलेली असते. माध्यमाची ही ओळ वाचण्याची सवय लावली की मूळ आणि प्रत यांतील गोंधळ उरतच नाही. आपण आधी नाव नोंदवून क्रमांक घ्यायचा आणि पसंत पडलेल्या चित्राच्या कागदावर तो क्रमांक व रक्कम लिहायची. ठरावीक संख्येपेक्षा अधिक बोली आल्या तर ते चित्र तोंडी लिलावात जाते; नाहीतर लेखी बोलींतील सर्वांत मोठी बोली लिहिणाऱ्याला मिळते. रंगीत तैलचित्रांभोवती गर्दी असते. मी खालच्या ओळीत, गुडघ्याच्या उंचीवर लावलेली पेन्सिल-रेखाटने वाकून पाहते, आणि त्यांतील दोन मला किमान बोलीलाच मिळाली, कारण दुसऱ्या कोणीच त्यांवर बोली लिहिली नव्हती.

प्रवाशाने येथे एकच काळजी घ्यायची: चित्र हाती मिळते ते बोली बंद झाल्यानंतर, बहुधा शेवटच्या दिवशी. परतीचे विमान त्याच दुपारी असेल तर जिंकलेले चित्र तेथेच राहते. मी एकदा अशाच घाईत मैत्रिणीला लेखी अधिकारपत्र देऊन चित्र सोडवून घेतले होते. काही संमेलनांत बोली न लागलेली चित्रे शेवटी ठरलेल्या किमतीला विकत मिळतात. ती किंमत कागदावर आधीच लिहिलेली असते. अमेरिकेच्या ईशान्य भागात बॉस्टनला दर फेब्रुवारीत भरणाऱ्या बॉस्कोन या विज्ञानकथा संमेलनाचे चित्रदालन यासाठी विशेष चांगले आहे, हे तुमच्या भावाला सांगून ठेवा.

सागरगोटे:

संमेलन आटोपले. शुक्रवारी सकाळी ज्या चित्रकर्तीने छायाचित्रे पाठवली होती तिच्या टेबलापाशी प्रथम गेले. छायाचित्रात आवडलेले पान प्रत्यक्षात तितके भावले नाही, आणि फोल्डरमध्ये त्याच्या मागे असलेले दुसरे पान भावले: चार चौकटी, एक म्हातारी बाई जिना चढते आहे, आणि शेवटच्या चौकटीत फक्त कठडा आणि तिचा हात. एकही नायक नाही. त्याचे १२० डॉलर झाले. उजेडात तिरके धरले तेव्हा कठड्याच्या सावलीत कुंचला दोनदा फिरलेला स्पष्ट दिसला, आणि म्हातारीच्या डोक्यावरचा पदरासारखा रुमाल आधी वेगळ्या बाजूला होता हे पेन्सिलीच्या रेघांवरून कळले. त्याबद्दल विचारल्यावर तिने पाऊण तास जिन्याचे गणित समजावून सांगितले. त्याच पानाच्या मांडणीचे पोस्टकार्डाएवढे कच्चे रेखाटन तिच्याकडे होते. मी ते मागितले तेव्हा तिने आश्चर्याने माझ्याकडे पाहिले आणि तीस डॉलरला दिले. दोन्हींवर तिने माझे नाव लिहिले आहे, माझ्या विनंतीवरून देवनागरीत, मी लिहून दिलेल्या चिठ्ठीवरून एकेक अक्षर रेखाटून.

रविवारी दुसऱ्या एका टेबलावर एक पान पन्नास डॉलरला मिळाले. तेथे निळ्या रेषा छापील होत्या, म्हणून मी विचारले. पेन्सिलीचे काम दुसऱ्या कलाकाराकडे असल्याचे त्यांनी लगेच सांगितले. तरीही घेतले, शाईकाम फार सुंदर आहे. तिन्ही चित्रे फोमबोर्डमध्ये बांधून भावाच्या पुस्तकांच्या कपाटावर सपाट ठेवली आहेत आणि विमान गुरुवारी आहे.

शाईची दौत:

किती छान निवड केलीत, ताई. मांडणीचे रेखाटन आणि पूर्ण पान एकाच ठिकाणी असणे दुर्मीळ आहे, ती दोन्ही एकाच चौकटीत शेजारी लावा. रत्नागिरीत पोहोचल्यावर चौकट करताना काच चित्राला टेकू देऊ नका, मध्ये माउंटची जाड कडा ठेवा, कारण दमट हवेत शाई काचेला चिकटते. बाहेरच्या बाजूची भिंत टाळा, ती पावसाळ्यात ओल धरते. जी चित्रे लावणार नाही ती सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा, जूनपूर्वी पुड्या बदला, आणि कसर लागली नाही ना हे दर महिन्याला उघडून पाहा.

हडसनकाठचा:

पान कोणत्या अंकातले आणि कितवे आहे, हे चित्रकर्तीकडून लिहून घेतले आहे ना? नसेल तर आठवणीत आहे तोवर पावतीवर नोंदवून ठेवा.

सागरगोटे:

पानाच्या वरच्या समासात दोन्ही तिच्याच अक्षरात आहेत. कच्च्या रेखाटनावर नव्हते, ते आज तिला विचारून पावतीवर लिहिले.